सावूचा कौल

"पण तो ड्रॅगन जेवता काय गो? भात की मासे?"

शेवंताकाकीने हे विचारलं तेव्हा फोनमधला ड्रॅगन एका अख्ख्या शहराला आग लावायच्या बेतात होता. लविनाने बोट टेकवून त्याला हवेतच थांबवला.

"काकी, तो तोंडातसून आग ओकता. जेवणाचा कोण बघता थय?"

"तोंडातसून आग येता म्हणजे पोट रिकामा असतला. पित्त झाला त्याका. त्या सावूक सांग, सोलकढी पाज म्हणान."

सगळी खोली हसली. वजनकाट्यामागे बसलेला मी तेवढा हसलो नाही. त्या खोलीत माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या गोष्टीला बायका हसल्याचं मला आठवत नव्हतं, आणि आता या पुण्याच्या माणसाचा तूप लावलेला आवाज फोनमधून येऊन माझी गादी बळकावून बसला होता.

आमचा काजूचा कारखाना वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला होता. पुढच्या शेडीत यंत्रावर बिया फोडायच्या. तिथे एवढा खडखडाट, की शिंकलेलं शिंकणाऱ्यालाही कळू नये. मागची खोली सोलाईची. तिथे बायका पाटांवर बसून, छोट्या सुरीने गरावरची तांबडी साल काढत. डोळे कामात, हात कामात, कान मात्र रिकामे. मी प्रत्येकीचं सोललेलं वजन करायचो, अख्खा गर वेगळा आणि तुकडा वेगळा. दोन वजनांच्या मधे मला काही उद्योग नसे, म्हणून मी ते रिकामे कान भरत असे.

सांगायचो काय, तर घडलेलंच. तेरेखोलच्या खाडीत माझे मामा मगरीला खोगीर घालून पलीकडे गोव्याच्या बाजाराला जात. हे घडलेलं आहे. आजोळच्या झाडाला एकदा एवढा थोर फणस धरला, की भर पावसात पोस्टमन त्यात शिरून टपाल कोरडं ठेवून बसला. हेही घडलेलं आहे. बायका ऐकत, हसत, आणि सुलोचना नावाची एक तिखट बाई मधेच मान वर करून विचारी, "नाना, त्या मगरीचा तिकीट अर्धा की पुरा?" एवढा टोला खाल्ला की मला जेवण गोड लागायचं.

मग लविना फर्नांडिस आली. बारावी पास झालेली, नर्सिंगच्या प्रवेशाची वाट बघत होती, तोवर घरी बसून काय करायचं म्हणून सोलाईला आलेली. मोठ्या डोळ्यांची, हळू बोलणारी पोर. तिच्याकडे फोन होता, आणि मोसंब्याएवढा एक गोल स्पीकर. एके दिवशी सर्दीने माझा घसा बसला. बायकांना करमेना. तेव्हा लविना म्हणाली, "माझ्याकडे एक गोष्ट आसा. मोठी आसा पण."

कादंबरी होती शाळा-कॉलेजातल्या पोरांसाठी लिहिलेली, आणि तो पुण्याचा माणूस फोनमधून ती वाचून दाखवायचा. एक सम्राट गावोगावच्या माणसांचे आवाज चोरून बरण्यांत भरून ठेवतो. सावेरी नावाची पंधरा वर्षांची मुलगी, तिला नदीत एक अंडं सापडतं, त्यातून ड्रॅगन निघतो, आणि दोघं मिळून आवाज सोडवायला निघतात. ड्रॅगनचं नाव ताम्राक्ष. बायकांनी पहिल्याच दिवशी सावेरीची सावू केली आणि ताम्राक्षाचा तांबू. त्यांना वाडीत घेतलं म्हणा ना.

माझा घसा बरा झाला, पण मला कुणी विचारीना. रोज जेवणानंतर एक भाग. पुढचा भाग घरी ऐकायचा नाही, सगळ्यांनी मिळूनच ऐकायचा, असं ठरलेलं. लढाई असली की बायकांच्या सुऱ्या भलत्या जोरात चालत आणि तुकडा वाढे. मी कर्तव्य म्हणून मालकांच्या कानावर घातलं. मालक ते डबडं बंद करायला म्हणून आले, पोत्यावर टेकले, आणि दुसऱ्या दिवशी मला हळूच विचारते झाले, "नाना, त्या पूल तोडणाऱ्याचं काय झालं हो?"

त्या गोष्टीत एक कलम असं होतं, की जन्मात खोटं न बोललेल्या माणसालाच तांबू पाठीवर घेतो. हे ऐकल्यावर साऱ्या जणींनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"नाना, तुमी चालतच जावा," सुलोचना म्हणाली.

मी म्हटलं, "माका मगर आसा."

पण खरं सांगायचं तर मीही गुंतलो होतो. वजन करता करता आकडा विसरायचो. तो तुपाळ पुणेकर सांगायचा बरा.

अशी ती सावू राखेच्या दाराशी पोचली. दारापलीकडे सम्राट बसलेला, त्याच्याभोवती बरण्या. तांबूचा देह दारात मावत नव्हता. एकटीने आत जायला हवं होतं, आणि त्या दारातून आजवर कुणी माघारी आलेलं नव्हतं. भाग तिथे संपला.  शेवंताकाकीने सुरी खाली ठेवली.

"आता मी काय सांगतंय ता सगळ्यांनी आयका. सावू त्या दारातसून परत इली, तर माझी दर्शना ह्या चतुर्थीक घराक येतली. मी कौल लावलंय."

 कौल म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गुरव देवाच्या पाषाणाला पाकळ्या चिकटवतो, आपण मनातलं विचारायचं. उजवीकडची पाकळी पडली तर देवाने होय म्हटलं, डावीकडची पडली तर नाही. आणि दर्शना कोण हेही सगळ्यांना ठाऊक होतं. काकीची एकुलती लेक. आपल्या मनाने लग्न करून सुरतेला गेली. बापाने दार लावून घेतलं. पुढे बापही गेला. पण दार आता उघडं आहे हे तिला सांगणार कोण? काकी म्हणे, तिने आधी बोलावं. तिकडे तीही तेच म्हणत असणार. गणपती येत, जात. काकी मोदक वाडीतल्या पोरांना वाटून टाकी.

"काकी, कौल देवाक लावतत," सुलोचना म्हणाली, पण या वेळी तिचं बोलणं तिखट नव्हतं. "पुस्तकाक कसो लागतलो?"

"देवाक लावलंय मगे. पाकळी पडूकच तयार नाय. गुरव म्हणता, परत ये. मी किती खेपा घालू? ही सावू निदान रोज पुढे तरी जाता."

 देवळातली पाकळी खाली यायच्या आधी काहीही होऊ शकतं. सावूचं काय व्हायचं ते मात्र कुणीतरी केव्हाच लिहून, छापून, वाचून मोकळं झालेलं होतं. हे मला त्याच वेळी सुचलं. पण ते सांगायला माझं तोंड उघडेना, आणि माझं तोंड उघडलं नाही असं फार वेळा झालेलं नाही.

शेवटचा भाग उद्यावर आला, त्या दिवशी दुपारच्या चहाला लविना कप घेऊन माझ्या काट्यापाशी येऊन उभी राहिली. 

"काय गो? वजनात काय चुकला?"

"नाना, सावू परत येवची नाय."

"तुका कोणी सांगितला?"

"मी काल घरी आयकलंय. रवलाच नाय माका." ती कपात बघत होती. "ती सगळ्या बरण्या फोडता, आणि सम्राट बाहेर पडू नये म्हणान दार आतसून लावता. तांबू बाहेर वाट बघत रवता. संपला."

"बेस आसा तो लिहिणारो. त्याका आवस-बापूस नाय काय?"

"काकीक काय सांगू, नाना?" तिचे डोळे भरले होते. "उद्या मी सांगतंय, फोन बंद पडलो. शेवट तुमी सांगा. सावूक परत हाडा. तुमका काय कठीण, तुमी मगरीक खोगीर घातलात."

"मामांनी घातला. मी नाय. मी फक्त मागे बसलंय. बरा, सांगतंय. काकीक कळूचा नाय."

ती हसली. मी विचारलं, "आणि तुझा बेळगावच्या नर्सिंगचा काय झाला? जागा मिळाली म्हणतत."

"बघूया," म्हणाली, आणि कप विसळायला निघून गेली.

सुट्टी झाल्यावर मी चपला घालत होतो, तर शेवंताकाकी फाटकाशी थांबलेली. सगळ्या बायका पुढे जाईपर्यंत तिने उगाच पदर झटकला, पिशवी झटकली.

"नाना, ती सावू आतच रवता."

मी दचकलो नाही, असं दाखवलं. "तू आयकलंस?"

"शेजारच्या पोराक सांगितलंय, तुझ्या फोनार लाव. शेवटपर्यंत आयकलंय. मेल्यान वाचल्यानपण कसा, काळजाक हात घातल्यान."

"मग तुझो कौल?"

"माझ्या कौलाचा जावंदे." तिने हात असा हलवला, जणू काजूची साल झटकतेय. "माझी इतकी वर्षा गेली, अजून एक जायत. त्या लविनाचा काय? तिका बेळगावाक जागा मिळाली. सोमवारी हजर रवाक होया. आणि ती माका काय म्हणता, काकी, सावू एकटी जाऊन जिंकली तर मीपण जातंय, नाय तर हयच काजी सोलतंय. फर्नांडिसाची पोर आणि कौल लावता. माझा बघून शिकली ता."

"मग आता?"

"उद्या तो भाग वाजता कामा नये. ता मी बघतंय. तुमी गोष्ट सांगा. सावू जाता, जिंकता, परत येता. आणि तिका कळता कामा नये, मी आयकलंय म्हणान."

"कळूचा नाय," मी म्हटलं. दुपारी हाच शब्द मी दुसरीलाही दिलेला होता. एकीचं दुसरीला सांगून टाकलं असतं तर दोघी तिथेच मोकळ्या झाल्या असत्या. पण इतके दिवस गादीवरून उठवलेल्या माणसाला सारी खोली परत मिळत होती, आणि तीही दोन-दोन हातांनी. मी कशाला सांगतो?

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. बायका नेहमीपेक्षा लवकर पाटांवर येऊन बसल्या. लविनाने फोन काढला, त्याच्यावर दोनदा टिचकी मारली, आणि इतकं वाईट नाटक केलं, की आमच्या वाडीच्या जत्रेत तिला झाडाचंसुद्धा काम मिळालं नसतं.

"अगो बाई. बंद पडलो. चार्जच नाय."

त्याच दमात शेवंताकाकी म्हणाली, "आणि ता डबडा खय गेला?"

खिडकीत रोजच्या जागी स्पीकर नव्हता. लविना खरोखरच चक्रावली. बंद पडलेल्या फोनचा स्पीकर ती पोत्यांमागे वाकून वाकून शोधू लागली. इकडे काकी त्या फोनकडे बघत राहिली, आणि मग छताकडे बघून तिने हात जोडले. आपल्या कामाला देवानेही हात लावला, असं तिला वाटलं असावं. मी काट्याची पारडी पुसत होतो. ती तशी स्वच्छच होती.

"आता गो काय?" सुलोचना म्हणाली. "ती पोर दारात उभी रवली थय."

"नाना सांगतले," लविना म्हणाली.

"होय, नानांकाच सांगूया," काकी म्हणाली. दोघी एकदमच बोलल्या.

मी जरा आढेवेढे घेतले. घसा खाकरला. पाणी मागवलं. आणि सुरुवात केली.

सावू आत गेली. दार मागे वाऱ्याने हलत होतं. आत भिंतीभर फळ्या, फळ्यांवर बरण्या, जशा आपल्या घरी लोणच्याच्या असतात तशा, झाकणाला फडकी बांधलेल्या. मधे सम्राट. त्याने नुसता हात पुढे केला, म्हणजे तुझाही आवाज दे. सावूने विचारलं, "देतंय. पण ह्यातली तुझी बरणी खयची?" सम्राट बरण्यांकडे बघायला लागला. त्याला आठवेना. दुसऱ्यांचे आवाज भरता भरता आपला स्वतःचा कुठच्या बरणीत ठेवला, हे तो साफ विसरला होता. सावू म्हणाली, "बस, मी शोधतंय."

आणि तिने एकेक फडकं सोडायला घेतलं. पहिल्या बरणीतून निघाली एक मासेवाली, बांगड्यांचा भाव ओरडत थेट दारातून बाहेर. दुसरीतून कुणी शाळामास्तर पाढे म्हणत गेला. तिसरीतून दोन जावा भांडत निघाल्या, त्या भांडतच गावाला पोचल्या. "हो तुझो?" सावू विचारी. सम्राट मान हलवी. सगळ्या बरण्या रिकाम्या झाल्या, तेव्हा अगदी खालच्या फळीवर, कोपऱ्यात, एक लहानशी उरली. ती उघडली. आतून एक चार वर्षांचा मुलगा आपल्या आईला हाक मारत होता. सम्राटाने ती हाक ओळखली. मुकुट तिथेच पडला, आणि तो हाकेच्या मागून धावत सुटला. पुढे हाक, मागे सम्राट, दोन्ही दाराबाहेर. पण ते दारच सम्राटाच्या जिवावर उभं. तो बाहेर पडला तसं ते आपोआप मिटायला लागलं, आणि सावू अजून फळीपाशीच होती.

"नाना, पण दार तर ती आतसून—"

सुलोचना एवढं बोलली आणि थांबली. तिने जीभ चावली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मी खोलीभर नजर फिरवली. बाकी एकही बाई तिच्याकडे बघत नव्हती. सगळ्यांच्या माना खाली, सगळ्यांच्या सुऱ्या चाललेल्या, आणि सगळ्या नको तेवढ्या मन लावून साल काढत होत्या. काय विचारतेस म्हणून कुणीही तिला विचारलं नाही.

लबाड बायका. एकूण एक जणीने घरी ऐकलं होतं.

"पुढे सांगा, नाना," सुलोचना खाली बघूनच म्हणाली. "दार मिटत इला. मगे?"

मग काय, मला चेव आला. मी म्हटलं, दार मिटत आलं, एवढीशी फट उरली, तेव्हा तांबूने बाहेरून आपली शेपटी आत घातली. दाराने शेपटी करकचून धरली. तांबू केकाटला, पण हलला नाही. सावू त्या शेपटीवर पाय देऊन चढली, पाठीवर आली, मानेला धरून बसली, म्हणाली, "चल आता घराक." ड्रॅगनाच्या शेपटीला तिथे अजून खाच आहे, कुणीही जाऊन बघावी. आणि तो उडाला तो थेट तिच्या आईच्या खळ्यात उतरला. आई भांडी घाशीत होती. तिने वर बघितलं, राखेचा हात तसाच कपाळाला लावला, आणि म्हणाली, "एवढ्या मोठ्या जनावराक बांधतंस खय?"

कोणी हसलं, कोणी कोपराने डोळे पुसले. हाताला काजूचं तेल असलं की डोळ्याला बोट लावता येत नाही. त्या सगळ्या गोष्टीत एक मी सोडून कुणालाच सावूची काळजी नव्हती. लविना काकीचा चेहरा न्याहाळत होती, आणि काकी लविनाचा.

संध्याकाळी वजनं सुरू झाली. लविनाने आपलं सूप काट्यावर ओतलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "नाना, सोमवारी सावंतवाडीसून बेळगावाक सकाळची गाडी आसा मा?"

"आसा. खिडकीची जागा पकड. आंबोलीक पोट ढवळता."

पलीकडे उभ्या असलेल्या काकीने माझ्याकडे बघून एवढीशी मान हलवली. काम फत्ते.

मग काकीचा नंबर आला. ती सूप घेऊन पुढे आली, ते काट्यावर न ओतता तिने जमिनीवर ठेवलं, आणि पदराने हात पुसले. नंतर पुन्हा पुसले.

"लविना, हय ये. एक नंबर लाव."

"खयचो, काकी?"

"सुरतेचो."

तिने आकडे म्हणून दाखवले. कागद नाही, काही नाही. पाठ होते. कधी लावलेला नव्हता, पण पाढ्यासारखा पाठ होता. लविनाने घाईघाईने फोन काढला, एकेक आकडा दाबला, कानाला लावून बघितला, म्हणाली, "वाजता, काकी." आणि फोन पुढे करता करता तिचा हात मधेच थांबला.

फोनचा पडदा दिव्यासारखा उजळला होता.

दुपारपासून मेलेला फोन, हे नंबरच्या नादात दोघीही विसरल्या होत्या. काकीने त्याच्याकडे बघितलं, मग लविनाकडे बघितलं. लविनाला कुठे तोंड लपवू असं झालं. सुलोचना छतावरचे पत्रे मोजू लागली. 

काकीने फोन कानाला लावला, परत काढला. पुढच्या शेडीतल्या यंत्रावर तिची कितीतरी वर्षं गेली होती, तिला बारीक ऐकू यायचं नाही. तिने क्षणभर विचार केला. मग आपल्या पिशवीत हात घातला, जेवणाच्या डब्याखालून तो मोसंब्याएवढा स्पीकर बाहेर काढला, आणि लविनाच्या हातात ठेवला.

"ह्याका जोड. माका तसा आयकाक येणा नाय."

लविना त्या स्पीकरकडे बघत राहिली. मग काकीकडे.  तिने जोडून दिला. फोनची घंटा सगळ्या खोलीभर वाजू लागली. बायकांच्या सुऱ्या थांबल्या होत्या. मी पारड्यावर हात ठेवला, नाहीतर ते उगाच खणखणलं असतं.

"हॅलो? कौन?"

तरणा आवाज. मागे कुकरची शिट्टी, एक लहान मूल काहीतरी मागत होतं. लहान मुलाचं आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. काकीलाही नसावं, कारण तिने भिंतीला हात टेकला.

"हॅलो? अरे, कौन बोल रहा है?"

"मी," काकी म्हणाली.

पलीकडे मुलाचा आवाज जवळ आला, आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. मग श्वास ऐकू आला, पुण्याच्या माणसाचा यायचा तितकाच स्पष्ट.

"आये? तू?"

"होय."

"खयसून बोलतंस? आवाज असो कित्याक घुमता?"

काकीने मान वर करून एकदा आम्हा सगळ्यांकडे बघितलं.

"कारखान्यातसून," ती म्हणाली. "सगळी आयकतत. नीट बोल."